डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातील पायवाट

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यात, चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला असलेले खारफुटीचे संरक्षित वन आहे. त्याची स्थापना १९८८ मध्ये झाली असून क्षेत्रफळ सुमारे १७८ हेक्टर आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. अभयारण्यातून जाणारी बांधीव पायवाट आखूड व सपाट असल्याने खारफुटी वन जवळून पाहण्याचा तो एक सोपा मार्ग आहे.

स्थान
हा भाग मांडवी व म्हापसा या नद्यांच्या संगमाजवळ आहे. पणजीजवळील रायबंदर येथून फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडण बेटावर पोहोचता येते.

वनस्पती
येथील जमीन दिवसातून दोनदा भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येते. पाण्याने भरलेल्या चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. त्यामुळे येथील झाडांना क्षार आणि श्वसन या दोन्ही अडचणींवर मात करावी लागते. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे निघून चिखलात रुततात. तिवर व चिपी यांची श्वसनमुळे जमिनीतून खुंट्यांसारखी वर येतात व ओहोटीच्या वेळी हवा घेतात. तिवराच्या पानांतील ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, म्हणून पानांवर मिठाचे कण आढळतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच अंकुरते. खाली पडलेले लांबट रोप चिखलात उभे रुतते किंवा पाण्याबरोबर वाहून जाऊन अन्यत्र रुजते.

प्राणी व पक्षी
ओहोटीच्या वेळी उघड्या चिखलावर निवट्या मासे आणि एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे दिसतात. त्यांच्या शोधात बगळे येतात. खंड्या, रातबगळा व हिवाळी स्थलांतरित पक्षीही आढळतात. भरतीला हाच चिखल पाण्याखाली जात असल्याने एकाच पायवाटेवरील दृश्य काही तासांत पालटते. पक्षिनिरीक्षणासाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ अनुकूल असतो.

खाजन शेती व खारफुटी
गोव्यात खाड्यांलगतच्या जमिनी बांध घालून लागवडीखाली आणल्या गेल्या. त्यांना खाजन म्हणतात. बांधातील मानस नावाच्या दारांतून पाण्याची ये-जा नियंत्रित केली जाते. कोरगुट हे क्षार सहन करणारे भात अशा शेतांत घेतले जाते. बांध फुटून दुरुस्ती न झाल्यास खारे पाणी आत शिरते, भातशेती बंद पडते आणि तेथे खारफुटी वाढू लागते. त्यामुळे पर्यावरणदृष्ट्या मोलाची असलेली खारफुटी काही ठिकाणी शेतकऱ्याच्या दृष्टीने गमावलेल्या शेताची खूण ठरते. दुसरीकडे, तिची मुळे गाळ धरून काठाची धूप रोखतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. मासेमारीवर जगणाऱ्यांनाही याचा लाभ होतो.

पायवाटेवरील आचार
श्वसनमुळे पायांखाली सहज मोडतात आणि ती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्यास झाडाला प्राणवायू कमी पडतो. कांदळाची नवी रोपेही तुडवली जाऊ शकतात. म्हणून पायवाट सोडून चिखलात उतरणे टाळावे, तसेच पक्षी विचलित होऊ नयेत यासाठी शांतता राखावी. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून घेणे उपयुक्त ठरते. चिखलावरील जीवसृष्टी पाहण्यासाठी ओहोटीची वेळ योग्य असते.