शेक

शेक : वेदना, स्नायूंचा ताठरपणा किंवा थंडी यांच्या निवारणासाठी शरीराच्या एखाद्या भागास बाहेरून मर्यादित उष्णता देण्याची क्रिया. तीसाठी वापरावयाच्या साधनांत घरगुती पुरचुंडीपासून विजेच्या शेकपट्टीपर्यंत अनेक प्रकार मोडतात. शेकाने वेदना कमी होते. वेदनेचे मूळ कारण बहुधा तसेच राहते. चटका बसण्यापूर्वी त्वचेला उष्णता जाणवते, या एका गोष्टीवर शेकाची सुरक्षितता मुख्यतः अवलंबून असते. ज्याची ही जाणीव मंदावली आहे त्याला सौम्य वाटणारा शेकही भाजू शकतो. म्हणून साधन निवडताना ते किती तापते, याबरोबरच ते कोणासाठी वापरावयाचे आहे, हे पाहणे आवश्यक असते.

परंपरा : आयुर्वेदात शेकाचा समावेश स्वेदन या उपचारात होतो [⟶ आयुर्वेद]. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे १३ प्रकार वर्णिले आहेत. सुश्रुतसंहितेत ताप, ऊष्म, उपनाह व द्रव असे चार प्रकार मानले असून त्यांपैकी तापस्वेदासाठी तळहात, काशाचे भांडे, खापर, वाळू, वस्त्र इ. साधने सांगितली आहेत. चरकसंहितेत गर्भिणी, रक्तपित्ताचा रोगी व मधुमेही यांना स्वेद वर्ज्य मानला आहे. वृषण, हृदय व डोळे यांना तो अगदी सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असेही सांगितले आहे. मधुमेहासंबंधीचा निषेध आजच्या वैद्यकासही मान्य होण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील घरांत तव्यावर तापविलेल्या फडक्याचा, वाळूच्या किंवा मिठाच्या पुरचुंडीचा, फडक्यात गुंडाळलेल्या विटेचा, तसेच निर्गुडीच्या वा एरंडाच्या गरम केलेल्या पानांचा शेक रूढ आहे. बाळंतिणीची शेक-शेगडी हा त्याचाच एक भाग होय.

नागपूरच्या आग्नेयीस सु. ४५ किमी.वर असलेल्या उमरेड या तालुक्याच्या गावाचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. हे गाव पूर्वी कोष्टी विणकरांच्या रेशीमकाठी धोतरांसाठी प्रसिद्ध होते; पुढे दगडी कोळशाच्या उघड्या खाणीमुळे ते ओळखले जाऊ लागले. जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून चालवावयाच्या हातमागावर तासन्‌तास वाकून बसणे, खाणीतील अवजड वाहनांचे हादरे सोसणे, तसेच वाकून धानाची रोवणी वा मिरचीची तोडणी करणे, या सर्व कामांत कंबर, मान व गुडघे यांवर ताण पडतो. डिसेंबर–जानेवारीत येथील रात्रीचे तापमान पुष्कळदा १०° से.च्या खाली जाते व आखडलेले सांधे अधिक दुखू लागतात. अशा वेळी शेक हा घरातील पहिला उपचार असतो.

क्रिया : उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, रक्ताभिसरण वाढते, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि सांध्याभोवतीच्या संयोजी ऊतकाची लवचिकता वाढते. उष्णतेच्या संवेदनेमुळे वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर काहीसे दबले जातात. सु. ४३° से.च्या वर उद्दीपित होणारा तंत्रिकांमधील एक ग्राही डेव्हिड जूल्यस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखला. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूशन यांच्यासमवेत मिळाले. मिरचीतील कॅप्सेसीन हे द्रव्य याच ग्राहीवर कार्य करते. उमरेडशेजारच्या भिवापूरच्या मिरचीने होणारी जळजळ आणि तापल्या तव्याचा चटका या दोन संवेदना एकमेकींसारख्या वाटतात, त्याचे कारण हेच होय.

नव्याने उद्‌भवलेल्या कंबरदुखीत सु. ४०° से. तापमानाच्या, अनेक तास बांधून ठेवावयाच्या पट्ट्यांनी अल्पकाळ थोडा आराम मिळतो, असे चिकित्सालयीन चाचण्यांत आढळले आहे. मासिक पाळीतील पोटदुखीतही अशा सौम्य उष्णतेचा उपयोग होतो. यावरून तीव्र उष्णतेपेक्षा सौम्य व सातत्याने दिलेली उष्णता उपयुक्त ठरते, असे दिसते.

साधने : (१) रबरी पिशवी : ही स्वस्त असून विजेवाचून वापरता येते. ती दोनतृतीयांश भरावी, हवा काढून टाकून बूच घट्ट लावावे व पिशवी उलटी धरून गळत नसल्याची खात्री करावी. उकळते पाणी तिच्यात कधीही ओतू नये. रबराला भेगा पडताच पिशवी टाकून द्यावी. (२) विजेची पट्टी : तापनियंत्रक व आपोआप बंद होण्याची सोय असलेली, मानकचिन्हांकित पट्टी घ्यावी. तिची घडी घालू नये व ओल्या कपड्यावर ती वापरू नये. विजेवर तापवून वेगळ्या करावयाच्या द्रवपिशव्या फुगलेल्या वा गळक्या असल्यास फुटण्याचा धोका असतो; तापत असताना त्या अंगाजवळ ठेवू नयेत. (३) रासायनिक पट्ट्या : एका प्रकारात लोखंडाच्या भुकटीचे हवेतील ऑक्सिजनाने ऑक्सिडीकरण होऊन उष्णता निर्माण होते, या पट्ट्या एकदाच वापरता येतात. दुसऱ्या प्रकारात सोडियम ॲसिटेटाच्या अतिसंपृक्त विद्रावाचे स्फटिकीभवन होऊन पिशवी सु. ५४° से.पर्यंत तापते, पाण्यात उकळून ती पुन्हा वापरता येते. (४) ओला शेक : भौतिकोपचार केंद्रांत खनिजद्रव्य भरलेल्या जाड कापडी पिशव्या सु. ७०°–७५° से. तापमानाच्या पाण्यात ठेवतात व टॉवेलाच्या सहा ते आठ पदरांत गुंडाळून रोग्यास लावतात.

धोके : त्वचा भाजणे हे तापमान व स्पर्शाचा काळ या दोहोंवर अवलंबून असते. मॉरिट्‌झ व हेन्‌रिकेस यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार ६०° से.ला सु. ५ सेकंदांत, ४९° से.ला सु. ९ ते १० मिनिटांत, तर ४४° से.ला सु. ६ तासांत त्वचेस इजा होते. सुखद वाटणाऱ्या पट्टीवर रात्रभर झोपणाराही यामुळेच भाजतो.

दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या तंत्रिका निकामी होऊन बधिरता येते [⟶ मधुमेह]. कुष्ठरोगातही तेच घडते [⟶ कुष्ठरोग]. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे प्रमाण तुलनेने अधिक राहिले असल्याने या भागात हा धोका विशेष महत्त्वाचा ठरतो. बधिर पाय पुष्कळदा गार वाटतात, म्हणून ते शेकण्याची इच्छा होते; चटका जाणवत नाही, फोड येतो, जखम चिघळते व प्रसंगी बोटे गमवावी लागतात. अशा व्यक्तींनी पायांना शेक न घेता लोकरी मोजे घालावेत. पक्षाघात झालेले, गुंगीचे औषध घेतलेले, अतिवृद्ध व तान्ही मुले यांच्याबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग वा वास नसतो आणि तो रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. डोकेदुखी व गुंगी यांनंतर बेशुद्धी व मृत्यू ओढवू शकतो. ज्या घरांत कोळसा सहज मिळतो तेथे हा धोका अधिक संभवतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत पेटती शेगडी ठेवू नये. बाहेर तापविलेल्या फडक्याने शेकावे व फडके आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावे.

वर्षानुवर्षे एकाच जागी शेकल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर अशा त्वचेत क्वचित कर्करोग उद्‌भवतो.

वापर : शेकाचे साधन व त्वचा यांत टॉवेलाचा पदर असावा. शेक १५ ते २० मिनिटे द्यावा व दर पाच मिनिटांनी त्वचा पाहावी. फिकट गुलाबी छटा योग्य समजावी; ठिपकेदार लाली, पांढुरकेपणा किंवा फोड दिसताच शेक थांबवावा. पिशवीवर भार देऊन निजू नये. नुकत्याच झालेल्या मुरगळीत पहिले दोन दिवस गार शेक बरा; गरम शेकाने सूज वाढते. उघडी जखम, रक्तस्राव, अर्बुद व रक्ताची गुठळी झालेली शीर यांवर शेक देऊ नये. जळजळणारे मलम किंवा औषधी चिकटपट्टी लावलेल्या जागीही तो टाळावा. पोटात अकस्मात उठलेली, ताप वा उलटीसह असलेली वेदना आंत्रपुच्छाच्या शोथामुळे असू शकते; ती शेकत बसल्याने निदानास विलंब होतो. पायात मुंग्या येणे, लघवीवरील ताबा जाणे किंवा रात्री वाढणारी कंबरदुखी असल्यास शेकावर विसंबू नये.

भाजल्यास तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली सु. २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट वा हळद लावू नये. बधिर अवयव भाजला तरी दुखत नाही. म्हणून मधुमेही व कुष्ठरोगी यांनी तळपाय रोज पाहावेत व फोड आढळल्यास वेदना नसतानाही त्याच दिवशी वैद्यकीय उपचार घ्यावेत.