डॉक्टरांचा ‘एथिक्स’चा कोर्स मोबाईलवर: शिकवतात काय, उपयोग काय?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून वाटेल, हे डॉक्टर लोकांचं डॉक्टर लोकांना. पण दहा मिनिटं थांबा. दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत आपणच बसतो ना?

हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं कनेरगाव नाका डोळ्यांसमोर आणा. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. समजा, तिथे एक तरुण डॉक्टर एकटीच दवाखाना चालवते. साठीतले एक काका येतात. रिपोर्टमध्ये कॅन्सरची शंका आहे. मुलगा आधी आत येतो, दार लावतो आणि म्हणतो, “मॅडम, बाबाला सांगू नका, हाय खाईल त्यो.” आता काय करायचं? मोठ्या शहरातल्या कॉलेज हॉस्पिटलात असं झालं तर शेजारच्या खोलीत सर असतात, विभागप्रमुख असतात, विचारता येतं. नाक्यावर कोण? बाहेर पंधरा पेशंट आणि हातात मोबाईल.

या मोबाईलवर नीतिशास्त्राचं शिक्षण मिळू शकतं का, आणि मिळालं तर ते कामाचं असतं का, हाच आजचा प्रश्न.

आधी नियम समजून घेऊ

भारतात डॉक्टरांच्या वागणुकीचे नियम २००२ साली आले. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने ते केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, पण तीन आठवड्यांतच ते स्थगित झाले आणि पुन्हा २००२ चेच नियम लागू झाले. त्यात कमिशन घ्यायचं नाही, पेशंटची गुपितं फोडायची नाहीत, रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दिसला पाहिजे, असं बरंच काही आहे. पाच वर्षांत किमान ३० तास नवं शिक्षण घ्यावं, हेही त्यातच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणीचं नूतनीकरण करताना हे तास मोजते.

एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून ‘एटकॉम’ नावाचा भाग आला. वृत्ती, नीती आणि संवाद असे त्याचे तीन धागे. पीजीच्या २०२३ च्या नियमांत संशोधन पद्धती आणि नीतिशास्त्र हे दोन्ही कोर्स सक्तीचे आहेत. संशोधन पद्धतीचा कोर्स चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केला. त्याची व्याख्यानं ऑनलाइन असतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. शिवाय पीजीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. म्हणजे शहरात शिकणारा डॉक्टर काही दिवस तरी जिल्ह्याचा पेशंट बघतो. हिंगोलीचं स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेजही २०२४ मध्ये सुरू झालं.

पण एकदा पदवी मिळाली आणि डॉक्टर नाक्यावर येऊन बसला की पुढचं शिक्षण बहुतेक स्क्रीनवरच होणार. म्हणून त्यात असतं काय, हे महत्त्वाचं.

‘सही घेतली’ म्हणजे संमती नव्हे

अशा कोर्समध्ये हमखास येणारी एक केस आहे: समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. दिल्लीची घटना, १९९५ सालची. ४४ वर्षांची अविवाहित महिला तपासणीसाठी दाखल झाली. दुर्बिणीतून तपासणी आणि गरज पडली तर पोट उघडून बघणं, एवढ्यावर तिने सही केली. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजांडं काढून टाकली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल जानेवारी २००८ मध्ये लागला. नीट ऐका. न्यायालयाने डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं म्हटलं नाही. उलट, त्यांनी पेशंटच्या भल्यासाठीच केलं असं मानलं. तरीही ते चूक ठरलं. कारण पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जिवावर बेतलेलं नव्हतं. अशा वेळी आईची सही चालत नाही. डॉक्टरांना २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली.

चांगला हेतू पेशंटच्या होकाराची जागा घेत नाही. ज्याचं शरीर, त्याचा होकार, आणि तोही समजून दिलेला.

मराठवाड्यात हा धडा फार जवळचा आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारने ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. प्रत्येक ऑपरेशन अनावश्यक होतं असं म्हणता येणार नाही. पण ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याचं अनेक जणींनी सांगितलं. कागदावर अंगठा असेलही, पण भीतीपोटी दिलेला होकार हा होकार असतो का?

कटचं काय?

दुसरा हमखास विषय म्हणजे कट. तपासणीला पाठवलं म्हणून लॅबकडून मिळणारं कमिशन. २००२ च्या नियमांत ते स्पष्ट निषिद्ध आहे. इथे उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर माहीत झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातले. २०१३ मध्ये त्यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. नंतर २०१७ मध्ये राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला.

चेक परत करणं वाचायला सोपं वाटतं. पण आजूबाजूचे सगळे घेत असताना एकट्याने नाही म्हणणं अवघड असतं. म्हणून चांगल्या कोर्समध्ये ‘कट चूक की बरोबर?’ असा प्रश्न नसतो. ‘लॅबचा माणूस पाकीट घेऊन समोर बसलाय, तुम्ही नेमकं कोणतं वाक्य बोलाल?’ असा असतो.

मग स्क्रीनवर हे शिकता येतं?

नियम आणि केसेस, हो, नक्की. पण व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचा, चार पर्यायांतून उत्तर टिकवायचं, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, याने तास भरतात, सवय बदलत नाही. नीतिमत्ता म्हणजे नुसता चांगला स्वभाव नव्हे. टाके घालण्यासारखंच ते कसब आहे, सरावानेच येतं.

म्हणून कामाचा कोर्स असा असतो: आधी केस द्यायची. प्रत्येकाने आपला निर्णय आणि कारण लिहायचं. मग आठ-दहा जणांनी व्हिडिओ कॉलवर भांडायचं, अगदी मनापासून. शेवटी आपल्याच दवाखान्यातला, नाव-गाव काढलेला प्रसंग मांडायचा. नाक्यावरच्या एकट्या डॉक्टरला ऑनलाइनचा खरा फायदा इथे होतो. तिला विचारायला माणसं मिळतात.

आता त्या काकांकडे येऊ. अशा गटात बहुधा असा मार्ग निघेल: मुलावर चिडायचं नाही, त्याची भीती ऐकून घ्यायची. मग काकांनाच विचारायचं, “तुमच्या आजाराचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?” काका म्हणाले ‘मला सांगा’, तर त्यांना सांगायचं. म्हणाले ‘पोरगं बघेल’, तर तोही त्यांचाच निर्णय. मुलाने परस्पर ठरवायचं नाही आणि डॉक्टरनेही नाही.

फोनवरचा डॉक्टर आणि तुम्ही

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातही ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी ऑनलाइन कोर्सची तरतूद आहे. तुमच्या कामाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो:

- डॉक्टरने आपलं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर सांगायला हवा. विचारलं तर त्यात उद्धटपणा नाही.
- तुम्ही स्वतः कॉल केला तर संमती धरली जाते. डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाने केला, तर तुमचा स्पष्ट होकार हवा.
- एआय डॉक्टरला मदत करू शकतं. सल्ला आणि औषध मात्र डॉक्टरनेच द्यायचं.
- काही औषधं, उदाहरणार्थ अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी, फोनवर लिहून देता येत नाहीत.

आणि प्रत्यक्ष दवाखान्यासाठी एक: भरती पेशंटची कागदपत्रं मागितली, तर २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत मिळायला हवीत.

पुढच्या वेळी कुणी फॉर्म पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हटलं, तर पेन उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा: काय करणार? नाही केलं तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, त्याचं कामच सोपं होतं. घरातल्या मोठ्या माणसांसोबत दवाखान्यात तुम्हीच जात असाल, तर हे प्रश्न त्यांच्या वतीने विचारा. पण उत्तर त्यांना ऐकू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, मंडळी!