वयात येताना (लेखांक 6) : मुरमांना मलम, मलमाला वेळ

मागच्या लेखात आपण वयात येताना शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांची ओळख करून घेतली. त्यांचा चेहऱ्यावर दिसणारा परिणाम म्हणजे मुरूम, अर्थात तारुण्यपीटिका. रिसोड तालुक्यातलं रिठद असो की पुणे-मुंबई, बहुतेक मुलामुलींना त्या कमी-अधिक येतातच. फरक पडतो तो उपचारात. त्वचेच्या डॉक्टरांसाठी रिठदच्या पोरांना वाशिमची नाहीतर अकोल्याची वाट धरावी लागते. एवढ्याशा पुटकुळीसाठी कोण जाणार? मग मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब येते, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

त्वचेत केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. अँड्रोजेन हे संप्रेरक मुलींच्याही शरीरात असतं. ते वाढलं की या ग्रंथी जास्त तेल सोडतात. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात आणि जागा सुजून लाल होते. छिद्रावर दिसणारा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. तो मुख्यतः त्वचेतल्याच रंगद्रव्याचा असतो. म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही, उलट त्वचा सोलवटते. ‘अंगात उष्णता आहे’, ‘रक्त खराब झालं’ या समजुतींनाही आधार नाही. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा चेहरा धुणं पुरेसं आहे. लिंबू, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नये. पुटकुळी फोडू नये; व्रण राहतो. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नये, आणि गाडीवर बांधायचा घामट स्टोल रोज धुवावा.

सौम्य मुरमांवर दोन औषधं जगभर वापरली जातात. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, 2.5 टक्क्यांचंही चालतं, मात्र ते उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं. ॲडापॅलीन 0.1 टक्के हे जेल छिद्रं बुजू देत नाही. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाला की वाटाण्याएवढं जेल संपूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचं, फक्त पुटकुळीवर नाही. सुरुवातीला एक रात्र सोडून लावावं, कारण पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, थोडी जळजळते. गरोदरपणात ते वापरत नाहीत. दोन्ही औषधं डॉक्टरांना विचारूनच सुरू करावीत. फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला 3 महिने. बहुतेक मुलं पंधरा दिवसांतच कंटाळून ट्यूब फेकतात.

ही घाई हेरूनच ‘आठ दिवसांत गोरेपण’ विकलं जातं. अशा ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम दुपटीने येतात आणि मलम सोडलं की आग होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही ती हातोहात मिळतात. बिननावाच्या क्रीमचा धोका तर याहून मोठा. 2023 मध्ये आपल्या शेजारच्या अकोल्यातलं प्रकरण समोर आलं: एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला.

मुरूम खोल, गाठीसारखे, दुखरे असतील, व्रण पडत असतील किंवा पाठ-छातीवर पसरले असतील तर थांबू नका. मुलीची पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर जाड केस येत असतील तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी हवी. गंभीर मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गुणकारी आहेत, पण गर्भावर त्यांचे भयंकर परिणाम होतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायच्या.

आईवडिलांना एक कळकळीची विनंती. ‘वयाचं आहे, जाईल’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका, आणि ‘असं तोंड घेऊन लग्नाला कशी नेऊ’ असंही बोलू नका. या वयात चेहऱ्यावरून ऐकलेला शब्द मुलं विसरत नाहीत. काही जण त्यापायी शाळेतही जायचं टाळतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वयोगटासाठी सुरू आहे आणि महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाने त्याची क्लिनिक चालतात. रिसोडच्या किंवा वाशिमच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. घरात सध्या वापरात असलेली ट्यूबही सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.