विश्लेषण : चालकाविना धावणारी छोटी मोटार विद्यार्थी कशी घडवतात? वर्षभराचे नियोजन कुठे फसते?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरू लागले, की ‘सेल्फ ड्रायव्हिंग कार’ हा विषय कुठल्या ना कुठल्या गटाकडून येतोच. टेबलावर मावेल एवढी गाडी, तिच्यावर कॅमेरा, जमिनीवर आखलेला रस्ता आणि रिमोटला हात न लावता मारलेली एक फेरी. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात परीक्षकांसमोर गाडी पहिल्याच वळणावर बाकाच्या पायाला धडकते आणि मोबाइलमधला जुना व्हिडीओ दाखवून वेळ मारून न्यावी लागते. काही गट त्याआधीच हात टेकतात आणि बाजारातून तयार प्रकल्प विकत आणतात. बहुतेक वेळा हुशारी कमी पडलेली नसते, कामांचा क्रम चुकलेला असतो.

ही कल्पना आली कुठून?

१३ मार्च २००४ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने मोहावी वाळवंटात चालकरहित वाहनांची शर्यत भरवली. अंतर सुमारे २४० किलोमीटर, बक्षीस १० लाख डॉलर. एकही वाहन शेवटपर्यंत पोहोचले नाही. सर्वांत पुढे गेलेले कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ‘सँडस्टॉर्म’ १२ किलोमीटरच्या आतच अडकले. ऑक्टोबर २००५ मध्ये मात्र पाच वाहनांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पार केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ने २० लाख डॉलर जिंकले.

खऱ्या मोटारीवर असे प्रयोग विद्यार्थ्यांना परवडणारे नाहीत. म्हणून प्रतिकृती आल्या. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात २००८ पासून ‘कारोलो कप’ ही विद्यार्थी स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून ‘एफवनटेन्थ’ निघाली, तिचे आताचे नाव ‘रोबोरेसर’. दोन्हींत गाडी खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची असते. ज्याचा कोड कुणालाही मोफत वापरता येतो, असा ‘डाँकी कार’ हा प्रकल्पही नवशिक्यांमध्ये लोकप्रिय आहे.

एक दशांश आकार म्हणजे किती अवघड?

महामार्गाची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते. प्रतिकृतीत ती ३५ सेंटिमीटर होते. गाडीची रुंदी २० सेंटिमीटर धरली तर दोन्ही बाजूंना उरतात जेमतेम साडेसात सेंटिमीटर. आता कॅमेऱ्याने चित्र टिपणे, संगणकाने त्यातला रस्ता ओळखणे आणि चाके वळणे, या सगळ्याला मिळून ०.१ सेकंद लागतो असे समजू. सेकंदाला दोन मीटर वेगाने गाडी तेवढ्यात २० सेंटिमीटर पुढे जाते, तीही जुन्या चित्राच्या भरवशावर. वेग अर्धा केला की हे अंतरही निम्मे होते. म्हणून ‘गाडी किती वेगाने पळेल’ हे आधी ठरवून चालत नाही. संपूर्ण साखळीला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून वेग ठरवायचा. अहवालात मोठा आकडा बरा दिसतो म्हणून वेग वाढवणारे गट वळणावरच बाहेर फेकले जातात.

सुरुवात कशापासून करावी?

सर्वसाधारण पद्धत अशी : एक जण कॅमेऱ्याचा कोड लिहितो, दुसरा मोटर जोडतो, तिसरा इंटरनेटवरून न्यूरल नेटवर्क उतरवून घेतो, चौथा अहवाल लिहितो. सगळे तुकडे जोडायचे शेवटच्या महिन्यात. नेमके इथेच घोडे पेंड खाते. कॅमेरावाल्याने डावे वळण उणे धरलेले असते, मोटरवाल्याने अधिक. एकाचा कोन अंशांत, दुसऱ्याचा रेडियनमध्ये. यात हसण्यासारखे काही नाही. १९९९ मध्ये ‘नासा’ने मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मेट्रिक आणि ब्रिटिश एककांच्या घोळामुळेच गमावले गेले.

त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अगदी बावळट दिसणारी, पण पूर्ण गाडी उभी करावी. तिने एवढेच करायचे : कॅमेऱ्यासमोर लाल कागद धरला की थांबायचे, काढला की सरळ चालायचे. यात बुद्धिमत्ता शून्य असते, पण चित्रापासून चाकापर्यंतची साखळी जोडलेली असते. पुढे त्यातला एकेक भाग काढून त्या जागी चांगला बसवता येतो, आणि बिघाड झाला तर तो नव्या भागात आहे हे लगेच कळते.

मेंदू एक की दोन?

दोन. रास्पबेरी पाय किंवा जेटसनसारखा छोटा संगणक चित्रे पाहतो. पण त्यावरील लिनक्स प्रणाली एकाच वेळी अनेक कामे करते आणि मधूनच क्षणभर अडखळते. स्टीअरिंगच्या सर्व्हो मोटरला मात्र सेकंदाला ५० वेळा १ ते २ मिलिसेकंदांचा नेमका संदेश लागतो. हे काम अर्डुइनो किंवा ईएसपी-३२ सारख्या साध्या मायक्रोकंट्रोलरकडे द्यावे. त्यातच एक नियम लिहून ठेवावा : मोठ्या संगणकाकडून पाव सेकंदात आज्ञा आली नाही तर मोटर बंद. शिवाय रिमोटवरचे एक बटण फक्त गाडी थांबवण्यासाठी राखून ठेवावे. तीन-चार किलोची गाडी पायावर आदळली की या बटणाचे महत्त्व पटते.

बॅटरीचा त्रास का होतो?

कोड बरोबर, तारा बरोबर, तरीही गाडी निघताच संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. अनेक गट यात आठवडेच्या आठवडे घालवतात. मोटर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढते, बॅटरीचा दाब क्षणभर पडतो आणि ५ व्होल्टवर चालणारा संगणक दम तोडतो. उपाय साधा आहे. संगणकाला स्वतंत्र बॅटरी किंवा दमदार बक कन्व्हर्टर द्यावा आणि दोन्हींची ग्राउंडची तार मात्र एकच ठेवावी. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. ती ६ व्होल्टच्या खाली गेली की कायमची खराब होऊ शकते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि रात्रभर चार्जिंगला लावून वसतिगृहात झोपू तर मुळीच नये. या बॅटऱ्या पेट घेतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता हवीच का?

विषयाच्या नावात ‘एआय’ असले की मंजुरी पटकन मिळते, हे खरे. पण काळ्या जमिनीवरच्या पांढऱ्या रेषा ओळखायला ओपनसीव्हीमधील जुन्या पद्धती पुरतात, आणि त्या कुठे चुकल्या हे पडद्यावर दिसते. न्यूरल नेटवर्क वापरायचे तर आधी माणसाने गाडी चालवून चित्रे गोळा करावी लागतात. सेकंदाला २० चित्रे धरली तर १०,००० चित्रांना साडेआठ मिनिटेही लागत नाहीत. अवघड असते ती विविधता. गाडी कायम घड्याळाच्या दिशेनेच फिरवली तर ती फक्त उजवीकडे वळायला शिकते. मार्गिकेतून भरकटल्यावर परत कसे यायचे, हेही तिला मुद्दाम दाखवावे लागते. आधी रेषांवर चालणारी गाडी पूर्ण करून मग नेटवर्क लावणाऱ्या गटाच्या हाती निदान एक चालती गाडी राहते.

प्रकाशाचा खेळ तर कुणी धरतच नाही. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फरशीत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि कॅमेऱ्याला तीही पांढरी रेषाच वाटते. दुपारी चारला खिडकीतून ऊन आले की सकाळचे सगळे आकडे चुकतात. जुन्या फ्लेक्सची मागची बाजू काळी असेल तर ती रस्ता म्हणून झकास चालते, फारशी चमकत नाही आणि गुंडाळून नेता येते. वाढदिवसांच्या शुभेच्छांचा असाही उपयोग.

वेळ आणि पैसे किती धरावेत?

कागदावर दोन सत्रांचे २८-३० आठवडे दिसतात. दिवाळी, लेखी परीक्षा, ओरल्स, गॅदरिंग, कॅम्पस मुलाखती वजा केल्या की हाती जेमतेम १८ ते २० उरतात. त्यातले शेवटचे तीन फक्त चाचणीसाठी ठेवावेत. पैशांतही साधारण तिसरा हिस्सा मोडतोडीसाठी बाजूला काढावा. सर्व्होचे दात तुटतात, कॅमेऱ्याची पट्टी निघते, मोटर ड्रायव्हर जळतो. पुण्यात बुधवार पेठ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड जवळ आहे. इतर गावांतल्या गटांना पार्सलचे चार-सहा दिवसही हिशेबात धरावे लागतात. लायडरचा मोह शक्यतो टाळावा. शर्यतीच्या गाड्यांवरचे चांगले लायडर एकटेच लाखावर जाते.

अहवाल लिहिण्याचे काम एकाच्या गळ्यात मारू नये. परीक्षक प्रश्न चौघांनाही विचारतात, आणि ज्याने कधी गाडी चालू केलेली नाही त्याची पंचाईत दोन मिनिटांत उघडी पडते. दर आठवड्याला कामांची अदलाबदल शक्य नसते, पण गाडी शून्यापासून सुरू करणे प्रत्येकाला आलेच पाहिजे.

प्रदर्शनाच्या १५ दिवस आधी कोडची एक चालती प्रत गोठवावी आणि मेमरी कार्डाची नक्कल काढून ठेवावी. आदल्या रात्री ‘एवढे एक सुधारतो’ म्हणणाऱ्याला लॅपटॉपपासून लांब बसवावे. प्रदर्शनाच्या खोलीत जाऊन, त्याच वेळेला, त्याच दिव्यांखाली सलग दहा फेऱ्या मारून पाहाव्यात. दहापैकी सात झाल्या तर परीक्षकांना सातच सांगाव्यात आणि उरलेल्या तीन कुठे अडल्या याची नोंद दाखवावी. पिशवीत भरलेली दुसरी बॅटरी, पांढरी टेप आणि एक जादा सर्व्हो असू द्यावा.