अंगणाला हिरवा आडोसा

शेजारच्या गॅलरीतून थेट आपल्या अंगणात नजर पडते म्हणून लगेच कुंपणाची भिंत वाढवू नका. वारा अडतो आणि उन्हाळ्यात भिंत तापते ती वेगळीच. त्यापेक्षा जाळी उभी करा आणि तिच्यावर वेल चढवा.

माझी पहिली पसंती मधुमालतीला! संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, वासही सुरेख. वेल भरली की फार जड होते, म्हणून कामट्यांची नको, लोखंडी जाळीच द्या. जाळी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते. संक्रांतवेलही छान, थंडीत केशरी फुलांनी लगडते.

वरच्या मजल्यावरून दिसत असेल तर मात्र झाडच हवं. अरुंद जागेत सरळसोट वाढणारा खोटा अशोक उत्तम. बांबू हवा असेल तर बेटानं वाढणाराच घ्या. जमिनीखालून धावणाऱ्या जातींचे कोंब शेजाऱ्यांच्या अंगणातही निघतात. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर कण्हेर टाळा, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.

खड्डे मे महिन्यातच खणून ठेवा आणि जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की लागवड करा.