उल्का वर जात नाही!

इंग्रजी वर्तमानपत्र उघडा. एखादा गायक वर्षभरात जगप्रसिद्ध होतो, एखादी कंपनी पाच वर्षांत अब्जावधींची उलाढाल करू लागते, कालपर्यंत कुणाला ठाऊक नसलेला नेता अचानक सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो. अशा वेळी इंग्रजी लेखणीतून एक ठरलेला शब्दप्रयोग उतरतो, 'मिटिऑरिक राइज'. म्हणजे उल्केसारखा उदय! आपल्याकडेही 'धूमकेतूसारखा उगवला' असे म्हणण्याची रीत आहे. ऐकायला छान वाटते. कौतुक झाल्यासारखे वाटते. पण क्षणभर थांबून विचारले पाहिजे, उल्का कधी वर जाते का?

उल्का वर जात नाही. ती पडते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आकाशातून आलेला दगड खाली आदळला आणि बेसाल्टच्या कातळात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. रोज रात्री दिसणाऱ्या उल्का मात्र जमिनीपर्यंत पोहोचतही नाहीत. बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या असतात. सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने त्या वातावरणात घुसतात, हवेशी होणाऱ्या टकरीने तापतात आणि साधारण 80 ते 120 किलोमीटर उंचीवर जळून संपतात. सगळा खेळ एक-दोन सेकंदांचा. मग पडणाऱ्या, जळणाऱ्या आणि संपणाऱ्या वस्तूची उपमा चढणाऱ्या माणसाला का द्यावी?

इंग्रजी जाणणारे याचे उत्तर शब्दाच्या मुळात शोधतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उंचावरचे, अधांतरी असलेले. जुन्या इंग्रजीत वारा, पाऊस, गारा, इंद्रधनुष्य या सगळ्यांनाच 'मीटिऑर' म्हणत. म्हणून तर हवामानशास्त्राला आजही 'मीटिऑरॉलॉजी' म्हणतात आणि पावसातून जमिनीत मुरलेल्या पाण्याला भूगर्भशास्त्रज्ञ 'मिटिऑरिक वॉटर' म्हणतात. पुढे हा शब्द आकुंचन पावत जळत्या रेघेपुरता उरला. मग क्षणभर लखलखून विझणाऱ्या कीर्तीला तो लावला जाऊ लागला. आज बोलणाऱ्याच्या मनात फक्त वेग आणि झगमगाट असतो, विझण्याचा अर्थ त्याच्या लक्षातही नसतो. पण शब्द आपले जुने अर्थ सहजासहजी टाकून देत नाहीत. कौतुकाच्या पोटात 'हा काही टिकायचा नाही' ही शंका दबा धरून बसलेली असते.

हा निव्वळ भाषेचा काथ्याकूट नाही. हा शब्द कुणाला लागतो ते पाहा. बड्या घराण्यातला वारस बापाच्या खुर्चीवर बसला तर त्याला उल्का म्हणण्याची गरज सहसा पडत नाही. तो तिथे बसणारच होता असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. अपवाद असतील, नाही असे नाही. पण हा शब्द प्रामुख्याने त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे, ज्याची कुणी वाटच पाहत नव्हते. म्हणजे या शब्दात चढणाऱ्याच्या वेगापेक्षा पाहणाऱ्याचे आश्चर्य जास्त भरलेले आहे.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. 12 आणि 13 नोव्हेंबर 1833 च्या दरम्यानची रात्र. अमेरिकेच्या आकाशात अक्षरशः उल्कांचा पाऊस पडला. तासाला हजारोंनी उल्का कोसळत होत्या. लोक घाबरून घराबाहेर आले, जगाचा अंत जवळ आला म्हणून प्रार्थना करू लागले. येल कॉलेजातल्या डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकाने मात्र प्रार्थनेत वेळ घालवला नाही. त्याने वर्तमानपत्रांतून आवाहन करून लोकांनी पाहिलेल्या नोंदी मागवल्या. या साऱ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच ठिकाणाहून येताना दिसतात, हे त्याने मांडले. भीतीच्या जागी विज्ञान आले ते असे.

त्या रात्री हेच आकाश मेरीलँड राज्यात एक पंधरा वर्षांचा गुलाम मुलगाही पाहत होता. त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस. पुढे आत्मचरित्रात त्याने त्या रात्रीची आठवण लिहून ठेवली आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याला गुलामांचा कणा मोडण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या एका शेतकऱ्याच्या हवाली करण्यात आले. आठवड्याआड आठवडा चाबकाचे फटके खाल्ल्यावर एके दिवशी त्याने उलटून त्या शेतकऱ्याची मानगूट धरली. 1838 साली तो पळाला. 1841 साली त्याने गुलामगिरीविरोधी सभेत भाषण केले. 1845 साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव इंग्लंडपर्यंत गेले. पळून आलेला गुलाम सात वर्षांत जगप्रसिद्ध वक्ता आणि लेखक! इंग्रजीत याला आणखी कोणता शब्द लावणार? मिटिऑरिक!

पण या सात वर्षांमागे काय होते? लहानपणी मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मालकाने ती बंद पाडली. शिकलेला माणूस गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, हे मालकाला पक्के ठाऊक होते. आपल्याकडे शूद्रातिशूद्रांना अक्षरबंदी करणाऱ्यांनाही तेच ठाऊक होते! मग डग्लसने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले. जहाजाच्या कारखान्यात लाकडांवर सुतारांनी केलेल्या खुणा पाहून अक्षरे गिरवली. बूट पुसून मिळवलेल्या पैशांतून भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले आणि त्याची पारायणे केली. त्याची ही वाटचाल अंधारात झाली म्हणून कुणाला दिसली नाही. नांतुकेट बेटावरच्या सभेत तो बोलायला उभा राहिला तेवढेच दिसले.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. खगोलशास्त्र नीट समजून घेतले तर उल्केची उपमा वेगळ्याच अर्थाने खरी ठरते. 1833 च्या उल्का ज्या धूमकेतूच्या धुळीतून आल्या, तो सुमारे 33 वर्षांनी सूर्याची एक फेरी पूर्ण करतो. त्याच्यामागे राहिलेले कण वर्षानुवर्षे अंधारात फिरत असतात. आपल्या हवेत शिरले की मगच आपल्याला दिसतात. प्रवास दीर्घ असतो, दिसणे क्षणाचे असते. 'अचानक' हा शब्द पाहणाऱ्याच्या अज्ञानाची कबुली आहे.

बराक ओबामांबाबत हेच घडले. 27 जुलै 2004 रोजी बोस्टनच्या अधिवेशनात त्यांनी भाषण केले आणि नोव्हेंबर 2008 मध्ये ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निवडून आले. इंग्रजी वृत्तपत्रांनी 'मिटिऑरिक' हा शब्द झिजेपर्यंत वापरला. पण 1985 पासून शिकागोच्या गरीब वस्त्यांत संघटनेचे काम कुणी केले? 1992 साली मतदार नोंदणीची मोहीम कुणी चालवली? 2000 साली पक्षांतर्गत निवडणुकीत ओबामा सपाटून आपटले होते आणि त्यांना हरवणारे बॉबी रश हे इलिनॉयमधल्या ब्लॅक पँथरच्या संस्थापकांपैकी होते. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीच ही संघटना. 1965 चा मतदान हक्क कायदा मिळवण्यासाठी रक्त सांडणारी पिढी आधी होऊन गेली नसती, तर ओबामांचा 'उदय' कोणत्या आकाशात झाला असता? एका माणसाला उल्का म्हटले की संपूर्ण चळवळ अंधारात ढकलली जाते.

त्यांच्या आणि आपल्या लढ्याचे नाते जुने आहे. 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. त्यामुळे तिकडचा शब्द इकडे येतो तेव्हा तो आपल्यालाही लागू होतो. मायावती 3 जून 1995 रोजी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या, 2007 साली 403 पैकी 206 जागा जिंकून स्वबळावर सत्तेत आल्या. इंग्रजी पत्रकारितेला तो उल्केचाच प्रकाश वाटला. पण पुण्यात सरकारी नोकरीत असताना पेटून उठलेले कांशीराम, 1978 ची बामसेफ, 1981 ची डीएस-फोर, 1984 चा बसप, गावोगाव फिरलेल्या सायकली, हे सारे कुणी मोजायचे? त्या पक्षाच्या चुकांची चिकित्सा जरूर व्हावी. मात्र उल्का म्हटले की चिकित्सेचीही गरज उरत नाही. पराभव झाला की 'विझणारच होती' एवढे म्हणून मोकळे होता येते.

आणि बाबासाहेब? 1913 साली कोलंबिया विद्यापीठात पाऊल ठेवले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात शिकवून पै-पै साठवली, 1920 साली पुन्हा लंडन गाठले, 1923 साली डी.एस्सी. मिळवली. 1927 चा महाड, 1930 ची गोलमेज परिषद, 1947 चे कायदामंत्रिपद. 34 वर्षे! त्यात रमाईंनी घरात सोसलेली ओढाताण आणि डोळ्यांदेखत गेलेली लेकरे. याला कुणी अचानक म्हणत असेल, तर त्याने रमाईंना विचारावे.

आज हा शब्द आपल्या पोरांचे दुहेरी नुकसान करतो. वस्तीतली एखादी मुलगी स्पर्धा परीक्षा पास झाली की फ्लेक्स लागतो, वर्तमानपत्रात 'गरुडझेप' छापून येते. तिची रात्रपाळी करणारी आई, वेळेवर न मिळालेली शिष्यवृत्ती, हुकलेले तीन प्रयत्न यांना बातमीत जागा नसते. मग विरोधक म्हणतात, आरक्षणाच्या कृपेने अचानक वर आली. आणि शेजारच्या खोलीत दिवा जाळून अभ्यास करणारा मुलगा म्हणतो, माझ्यात काहीतरी कमी आहे, मी पंचविशीतच संपलो. मेहनत लपवली की एकाला द्वेष करायला जागा मिळते आणि दुसऱ्याला खचायला.

डग्लसकडेच परत जाऊ. 3 डिसेंबर 1847 रोजी रॉचेस्टर शहरातून त्याने स्वतःचे वर्तमानपत्र काढले. उल्कांचा एवढा मोठा वर्षाव डोळ्यांनी पाहिलेल्या या माणसाने पत्राला नाव दिले 'नॉर्थ स्टार', म्हणजे ध्रुवतारा! आपल्याला ध्रुवबाळाची पुराणकथा सांगितली जाते. त्या राजपुत्राला अढळपद देवाच्या वरदानाने मिळाले. गुलामांचा ध्रुवतारा वेगळा होता. रात्री जंगलातून पळताना उत्तर दिशा कुठे, स्वातंत्र्याची भूमी कुठे, हे त्याच्याकडे पाहून कळत असे. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो याच कामासाठी, वाट दाखवण्यासाठी.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या माणसाच्या यशाची बातमी लिहिताना, फ्लेक्सचा मजकूर ठरवताना, सत्काराचे भाषण करताना उल्का, धूमकेतू आणि गरुड बाजूला ठेवा. किती वर्षे लागली, कुणी मदत केली, किती वेळा अपयश आले, ते लिहा. मागून येणाऱ्याला वाट त्यातूनच सापडेल.

जयभीम!