आधी थांबणे, मग धावणे
जुन्या अमेरिकी ‘मसल कार’ची ताकद वाढवताना कामांचा क्रम का महत्त्वाचा, आणि त्यात आरोग्याचा संबंध कुठे येतो?

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या गृहस्थाला वडिलांची १९६४ सालची पॉन्टियाक जीटीओ मिळाली. गाडी बरीच वर्षे गॅरेजमध्ये उभी होती. धूळ झटकली, बॅटरी बदलली, चावी फिरवली आणि आठ सिलिंडरचे इंजिन गुरगुरत सुरू झाले. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची, आणि नुसती आणायची नाही, तर पूर्वीपेक्षा जोरात पळवायची. हातात थोडे पैसे आहेत आणि सुटीचे वार मोकळे आहेत. पहिला खर्च कशावर करायचा?

बहुतेकांचे उत्तर एकच असते : इंजिनावर. मोठा कार्बोरेटर, नवा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर. पण भौतिकशास्त्राला आणि वैद्यकशास्त्राला विचारले, तर दोघेही ही यादी उलटी करायला सांगतील. इंजिन सर्वांत शेवटी.

ताकदीचा फसवा आकडा

जीटीओला अनेकजण पहिली मसल कार मानतात. मध्यम आकाराच्या, परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, ही त्यामागची साधी कल्पना. जॉन डीलोरियन हे तेव्हा पॉन्टियाकचे मुख्य अभियंते होते. त्यांच्या चमूने टेम्पेस्ट ल मान्स या गाडीत ६.४ लिटरचे इंजिन बसवले. त्याची ताकद ३२५ अश्वशक्ती, आणि तीन कार्बोरेटर घेतले तर ३४८, असे जाहिरातीत छापले जाई. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

हा ३२५ चा आकडा आजच्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. त्या काळी इंजिन गाडीबाहेर, चाचणीच्या बाकावर ठेवून मोजत. हवेचा फिल्टर नाही, नेहमीचा सायलेन्सर नाही, इंजिनाच्या जोरावर फिरणारी इतर उपकरणेही नाहीत. म्हणजे अंगावरचे सगळे ओझे उतरवून पैलवानाला पळवण्यासारखेच ते होते. १९७२ च्या मॉडेलपासून अमेरिकी कंपन्या गाडीत बसवलेल्या स्थितीतली ताकद सांगू लागल्या. तेव्हा कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाचा आकडा एका वर्षात ३६५ वरून २३५ वर आला. त्यातली बरीचशी घसरण इंजिनातली नव्हती, मोजपट्टी बदलल्याची होती. म्हणून बेत आखताना पहिली गोष्ट म्हणजे कागदावरचा आकडा बाजूला ठेवून गाडी आज चाकांवर किती ताकद देते, ते मोजून घेणे.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

धावत्या गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणितासाठी गाडीचे वजन चालकासह १,६०० किलो धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची, आणि ब्रेक ती उष्णतेत बदलतात. सुमारे दोन लिटर गार पाण्याला उकळी फोडायला पुरेल एवढी ही उष्णता, आणि ती काही सेकंदांत तयार होते. वेग ताशी १४० केला तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. वेग वाढला ४० टक्के, ब्रेकचे काम वाढले शंभर टक्क्यांच्या जवळ.

१९६४ च्या जीटीओला चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक होते. ड्रम ही एक बंद डबी असते. आतले लायनर बाहेरच्या दिशेने दाबले जाऊन ड्रमला घासतात. वारंवार ब्रेक मारले की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. लायनरचे घर्षणही तापल्यावर घटते. घाटात उतरताना ब्रेक ‘सोडतात’, असे म्हणतात ते हेच. डिस्क ब्रेकची तबकडी उघड्यावर असते, तिला वारा लागतो आणि ती तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच जाडावते. म्हणून निदान पुढच्या चाकांना डिस्क बसवणे ही या यादीतली पहिली नोंद.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. या गाडीत चारही ब्रेकना एकाच नळीमार्गातून दाब मिळतो. एखादी गंजलेली नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर अमेरिकेत १९६८ पासून सक्तीचा झाला. जुन्या गाडीला तो बसवणे हे तुलनेने स्वस्तातले काम आहे. ब्रेक ऑइलही जुने नको. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांची आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय पेडलवर नुसता खाली जातो.

धूळ फुंकू नका

हे ब्रेक उघडतानाच आरोग्याचा पहिला प्रश्न समोर येतो. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममध्ये साठलेल्या करड्या धुळीत त्याचे सूक्ष्म तंतू असू शकतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात. त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग दिसायला वीस ते पन्नास वर्षेही लागतात, त्यामुळे आज केलेल्या चुकीची आठवणही तोवर राहत नाही. ड्रम उघडून त्यात हवेचा प्रेशर मारणे ही जगभरच्या गॅरेजमधली जुनी सवय आहे आणि तीच सर्वांत वाईट. कोरडा ब्रश फिरवणेही तसेच. धूळ आधी ओली करावी, ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बंद करावे आणि ते कपडे घालून घरात वावरू नये. साधा कापडी रुमाल हे तंतू अडवत नाही.

टायर आणि पट्टा

ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची पकड धरली, तर ताशी १०० वरून थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर त्यातच आणखी ४२ मीटर जातात. ताशी १४० ला हीच बेरीज ९१ वरून सुमारे १५४ मीटरवर जाते. टायर जुना असेल तर आकडा याहून वाईट. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर आतून कडक होऊन तडकत असते. टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांपुढे येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, नक्षी कितीही शिल्लक असो.

मग माणसाची सोय. त्या काळच्या अशा गाडीत फार तर कमरेचा पट्टा असे. समोरून धडक बसली की कंबर जागेवर राहते आणि छाती-डोके स्टिअरिंगवर आदळते. स्टिअरिंगचा दांडाही तेव्हा सरळ आणि ताठ होता. पुढचा भाग चेपला की तो चालकाच्या छातीच्या दिशेने येई. कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्येच आणला होता. अमेरिकेत पुढच्या आसनांना पट्टे आणि दाबाखाली आखडणारा स्टिअरिंग दांडा १९६८ पासून, तर मान मागे झटकू नये म्हणून डोक्यामागची उशी १९६९ पासून सक्तीची झाली. यातले बरेच भाग आता जुन्या गाडीलाही बसवता येतात. मात्र खांद्याच्या पट्ट्याचा बोल्ट पातळ पत्र्यात बसवला तर तो धडकेत उपटून येतो. मागे जाड पोलादी पट्टी हवी आणि काम जाणकाराकडूनच हवे.

आता इंजिन

एवढे झाले की इंजिनाला हात लावायला हरकत नाही. पण तिथेही एका भागाचा दुसऱ्याशी संबंध असतो. उदाहरणार्थ, ‘धडधड’ आवाज देणारा रेसिंगचा कॅमशाफ्ट. तो झडपा जास्त वेळ उघड्या ठेवतो. वरच्या फेऱ्यांवर ताकद वाढते, पण गाडी जागेवर उभी असताना इंजिन हवा नीट खेचत नाही आणि आतली निर्वात स्थिती कमजोर होते. पॉवर ब्रेकचा बूस्टर याच निर्वातावर चालतो. म्हणजे ताकदीसाठी घेतलेल्या एका भागाने ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होऊ शकते. कॅमशाफ्ट निवडतानाच ब्रेकची व्यवस्था ठरवायला हवी, ती यामुळे.

इंधनाचेही तसेच. जीटीओच्या इंजिनात मिश्रण पावणेअकरा पटींनी दाबले जाई. एवढ्या दाबाखाली साधे पेट्रोल वेळेआधी भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. हे शिसे धुराड्यातून हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात गेले. त्याचा मुलांच्या बुद्धीवर आणि वर्तनावर होणारा परिणाम हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिला. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झाले, भारतात २००० मध्ये. शर्यतींसाठीचे काही इंधन आजही शिसेयुक्त मिळते. ते रस्त्यावरच्या गाडीत ओतण्याचा मोह टाळायला हवा. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड उष्णता लवकर वाहून नेते, त्यामुळे ठोके कमी होतात. दाबाचे प्रमाण थोडे उतरवता येते. आणि शिशाचे वंगण गेल्याने झिजणाऱ्या झडपांच्या बैठकांऐवजी कडक पोलादी बैठका बसवता येतात.

वास नसलेला धूर

कार्बोरेटरचे इंजिन आणि धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, या जोडीतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. नव्या एक्झॉस्टचा जोड सैल असेल किंवा डिक्कीचा पत्रा गंजून भोके पडली असतील, तर तो गाडीत शिरतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे असतात, आणि ‘उन्हाने झाले असेल’ म्हणून ती सोडून दिली जातात. एकाच गाडीतल्या दोघांना एकदम तसे वाटले, तर काचा उघडून आधी बाहेर पडावे आणि रुग्णालय गाठावे. घरात करोनाकाळात आणलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेले आणि हे विषारी वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. रक्त विषारी झालेले असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर एका मिनिटासाठीही नको.

मोकळ्या सायलेन्सरची किंमत कान मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, अशी अमेरिकी तज्ज्ञ संस्थेची शिफारस आहे. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो : ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर जीटीओ दिसणार नाही, पण सायलेन्सर बदललेली मोटारसायकल रोज दिसते, आणि गणित तेच आहे. शिवाय भारतात नोंदणीतील मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले. त्यामुळे इथे कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारणे हीच पहिली पायरी.

तर वहीत क्रम असा लिहावा : ब्रेक आणि त्यांच्या नळ्या, टायर, पट्टे, स्टिअरिंग आणि शॉकअब, रेडिएटर, एक्झॉस्टचे जोड, आणि मग इंजिन. एका वेळी एकच काम करावे, त्यानंतर गाडी चालवून पाहावी, आणि मगच पुढच्याला हात लावावा. पैसे मध्येच संपले तर? या क्रमाने गेलेल्याकडे कमी ताकदीची, पण घरी परत आणणारी गाडी उरते. उलट क्रमाने गेलेल्याकडे ३२५ अश्वशक्ती उरते आणि साडेनऊ इंचांचे चार ड्रम.